‘सेसपूल’ या शब्दाचं उदाहरण

उदाहरणबाईला आलेला पहिला इंग्रजी शब्द ‘कॅट’ नव्हता की ‘ॲपल’ नव्हता. तो होता ‘सेसपूल’.

आता हा काय शब्द झाला लहान पोरीला यायचा? पण इलाज नव्हता, घरातच होता तो. तिचे वडील लोकांच्या घरामागचे मैल्याचे खड्डे उपसायचे. गावाच्या ज्या भागात गटाराचे पाइप पोचले नव्हते, तिथे प्रत्येक बंगल्याच्या मागे एक खोल खड्डा असायचा. आतून विटांनी बांधलेला, वर सिमेंटचं जड झाकण. भरला, की बंगलेवाले वस्तीत निरोप धाडायचे. आणि या बंगलेवाल्यांची गंमत बघा. खड्डा त्यांचा, खड्ड्यातला माल त्यांचा, पण त्याचं नाव घ्यायची त्यांनाच शिसारी. म्हणून ते इंग्रजीत बोलायचे. “सेसपूल भरलाय, माणूस पाठवा.” आतून कोणी विचारलं दारात कोण आहे, तर म्हणायचे, “काही नाही, सेसपूलवाला.” परक्या भाषेत म्हटलं की वास येत नाही, अशी त्यांची समजूत असावी.

पोरीला वाटायचं, ही पदवी आहे. डॉक्टर असतात, वकील असतात, तसे आपले बाबा. त्यामुळे शाळेत गुरुजींनी एक दिवस विचारलं, “इंग्रजी शब्द कोणाला येतो?” तेव्हा हिचा हात सगळ्यांच्या आधी वर. उभी राहिली आणि ठणकावून सांगितलं. गुरुजींचा चेहरा असा झाला की जणू तिने तो शब्द नाही, ती वस्तूच वर्गात आणून ठेवली. “बस खाली,” एवढंच म्हणाले. तिच्या बाकावरची मुलगी दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकावर गेली, ती काही परत आली नाही.

संध्याकाळी बाबा घराबाहेर दगडावर बसून अंग घासत होते. सगळं साबणाने धुतल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत. तिने विचारलं, “बाबा, सेसपूल म्हणजे काय?”

बाबा हसायला लागले. “अगं, त्याचा अर्थ असा, की मोठमोठे साहेब जे काही मिटक्या मारत खातात ना, ते सगळं शेवटी माझ्याकडे येतं. जज्जसाहेबांचंही आणि त्यांच्या कुत्र्याचंही. मोठा अधिकारी आहे बरं का तुझा बाप.”

शेजारी काका बादल्या घासत होता, तो इतका हसला की त्याच्या हातातली बादली घरंगळत गटारात गेली. तेव्हा काकाचा आवाज खणखणीत होता. गल्लीच्या या टोकाला हसला की त्या टोकाला कळायचं, दोघे भाऊ घरी आले म्हणून.

दोघांचं काम वाटलेलं होतं. बाबा खाली उतरायचे, काका वर दोर धरायचा. आणि एक नियम दोघांनी कधी मोडला नव्हता. झाकण काढलं की लगेच उतरायचं नाही. खड्डा निदान दुपारपर्यंत उघडा ठेवायचा, आतला वारा बाहेर जाऊ द्यायचा. तोवर लांब झाडाखाली बसून राहायचं. बंगलेवाल्यांना हे पटत नसे. त्यांना वाटे, हे आळशी लोक, कामाला आले आणि सावलीत लोळताहेत.

आणि शेवटी तेच झालं. एका बंगल्यात दुपारी पाहुणे यायचे होते. कित्येक वर्षांत न उघडलेला खड्डा, आणि मालक डोक्यावर उभा. “झाकण उघडं ठेवून बसलात तर घरभर वास सुटेल. पटकन उरकायचं असेल तर उरका, नाहीतर दुसरी माणसं बघतो.” दुसरी माणसं! जशी काय रांग लागली होती. पण मुलीच्या दहावीचं वर्ष होतं, काम हातचं घालवायचं नव्हतं. बाबा काकाला म्हणाले, “साहेबांना फार घाईची लागलीय,” आणि हसत शिडीवरून उतरले. खालून त्यांचा शब्द आला नाही. काकाने दोर ओढला, तो जड लागला, हलेना. काका तोंडाला फडकं बांधून स्वतः खाली उतरला. वर माळी होता, त्याने दोर धरला. बाबांना बाहेर काढलं तेव्हा ते गेलेले होते. मालकाचं पहिलं वाक्य काय, तर, “पुढच्या फाटकातून नेऊ नका, पाहुणे बसलेत.”

मागच्या बोळातून नेलं. त्या दिवसापासून काकाचा आवाज गेला. म्हणजे बोलता यायचं, पण घोगरं, रंधा मारल्यासारखं. खड्ड्यातली हवा त्याच्या छातीत कायमची बसली होती.

पोरीने मग इंग्रजीवर सूड उगवावा तसा अभ्यास केला. आई लोकांची भांडी घासायची, काकाने पुन्हा त्या कामाला हात लावला नाही, तो लाकडाच्या वखारीत ओझी उचलायला लागला. दोघांनी मिळून हिला कॉलेजात घातलं. तिथे पहिल्याच दिवशी कोणीतरी सहज विचारलं, “वडील काय करायचे?” आणि हिच्या तोंडून निघून गेलं, “पाणीखात्यात होते.” बस. एकदा तोंडातून गेलेलं खोटं कुठे परत घेता येतं? ते तिच्या अंगाला चिकटलं ते चिकटलंच. लग्नाचं बोलायला कोणी यायचं म्हटलं, की तिची पाचावर धारण बसायची. बाबांच्या खात्याची कोणी चौकशी केली तर? मग तिने तो विषयच बंद करून टाकला. आई गेल्यावर काकाला आपल्या दोन खोल्यांत आणलं, तेव्हा शेजारणीला सांगितलं, “काका गवई होते हो, गळा बसला.” शेजारीण भाबडी. ती बिचारी अधूनमधून म्हणायची, “काका, नुसतं गुणगुणा तरी.” काका मान खाली घालून हसायचा. पुतणीचं खोटं त्याने कधी उघडं पाडलं नाही, पण खरं सांगायचं तर त्यानंतर तो शेजारणीसमोर फारसा आलाही नाही.

नोकरी मिळाली ती शब्दकोशाच्या कचेरीत. इंग्रजी शब्द, त्याचा आपल्या भाषेतला अर्थ, आणि खाली वापरायचं कसं ते दाखवणारं एक वाक्य. ही वाक्यं लिहिण्याचं काम तिचं. त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ‘रिलक्टंट’ या शब्दाला तिने दिलं होतं, “जावई निघायचं नाव घेईना तेव्हा सासूबाईंनी नाइलाजाने आणखी एक चहा टाकला.” सगळी कचेरी हसून लोटपोट. तेव्हापासून ती उदाहरणबाई झाली.

कचेरी म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लागून लाकडी पेट्यांच्या रांगा, एकेका पेटीत एकेका शब्दाच्या चिठ्ठ्या. पेट्यांची व्यवस्था बघणारे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना सगळे पेटीमामा म्हणत. मुख्य संपादकांना पाठीमागे सगळे पूर्णविराम म्हणत, कारण ते बोलले की वाद संपला. चिठ्ठीची रीत अशी होती. उजव्या कोपऱ्यात वर मूळ शब्द. मध्ये वाक्य. डाव्या कोपऱ्यात खाली दाखला, म्हणजे हे वाक्य कुठून घेतलं ते. वर्तमानपत्र असेल तर त्याचं नाव, पुस्तक असेल तर पुस्तकाचं, कोणाच्या तोंडून ऐकलं असेल तर त्या माणसाचं. वाक्य, दाखला, सगळं इंग्रजीत. चिठ्ठी नापास झाली की पूर्णविराम लाल पेन्सिलीने वरचा शब्द खोडत. पण कधी कधी वाक्य चांगलं असे आणि चुकीच्या शब्दाखाली आलेलं असे. तेव्हाही ते वरचा शब्द खोडत आणि दुसरा शब्द चिठ्ठीवर जिथे जागा सापडेल तिथे लिहीत. मग पेटीमामा ती चिठ्ठी उचलून त्या दुसऱ्या शब्दाच्या पेटीत टाकत. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

आणि मग एक दिवस ‘सेसपूल’ची पेटी टेबलावर आली.

अर्थ दोन होते. पहिला, मैला साठवण्याचा खड्डा. दुसरा लाक्षणिक, दुराचाराचं आगर. दुसऱ्या अर्थाला पूर्णविरामांनी स्वतःच वाक्य आणलं होतं, कुठल्यातरी अग्रलेखातून. “ती वस्ती म्हणजे गुन्हेगारीचा सेसपूल होती.” त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. “शब्दाची ताकद बघा,” म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. टायपिस्टबाई म्हणाल्या, “अगदी डोळ्यांसमोर उभी राहते हो वस्ती.”

हिच्याही डोळ्यांसमोर उभी राहिली. बाहेरचा दगड, साबण, घरंगळणारी बादली. तिच्या वस्तीतल्या लोकांनी आयुष्यभर कोणाचा काय गुन्हा केला होता? दुसऱ्यांची घाण उपसली, एवढाच.

“साहेब, पहिल्या अर्थाला उदाहरण?” तिने विचारलं.

“द्या ना. साधंसं काहीतरी द्या.”

ती जागेवर गेली. जावई, सासू, चहा यांची वाक्यं जिच्या बोटांतून झरझर उतरायची, ती त्या कोऱ्या चिठ्ठीसमोर दुपारभर बसून राहिली. शेवटी लिहिलं, “ते सेसपूलमध्ये उतरले आणि वर आलेच नाहीत.” लिहून झाल्यावर दाखल्याची जागा रिकामी दिसायला लागली. आतापर्यंत पोटात दाबून ठेवलेलं ते एकदम हाताशी आलं. तिने डाव्या कोपऱ्यात लिहिलं, ‘फादर’. वाटलं, विचारतील. विचारलं तर सांगून टाकायचं. तसं ठरवलंच होतं तिने. एवढ्या मोठ्या जाडजूड पुस्तकात बाबांना एक ओळ मिळायला हवी. बाकी काही मागायचं नव्हतं तिला. खड्ड्याचं नाव छापलं जाणार, तर खड्ड्यात उतरणाऱ्याचंही काहीतरी छापलं जावं.

पूर्णविरामांनी वाक्य वाचलं. दाखला त्यांनी बघितलाही नाही.

“छे छे. बाई, हे तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं.”

“का साहेब?”

“उदाहरण शब्दाला उजेडात आणतं. हे वाचून माणूस शब्द सोडून विचारतो, का उतरले? कोण होते? वर का नाही आले? ही बातमी झाली, उदाहरण नाही. शिवाय मुलं वाचतात.” त्यांनी लाल पेन्सिलीने वरच्या कोपऱ्यातला ‘सेसपूल’ खोडला. “राहू दे, पहिल्या अर्थाला उदाहरणच नको. खड्डा म्हणजे खड्डा, कळतंय सगळ्यांना.”

म्हणजे बघा हं. खड्ड्यात उतरणारा माणूस उडाला, आणि खड्डा उरला तो फक्त वस्तीला शिव्या घालण्यापुरता. ती जागेवर येऊन बसली. ‘विचारतील’ म्हणून जे धाडस गोळा केलं होतं, ते कोणी विचारलंच नाही म्हणून तसंच वाया गेलं.

संध्याकाळी पेटीमामा नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या गोळा करायला आले. त्यांनी ती चिठ्ठी उचलली. वरचा शब्द खोडलेला. खाली एक शब्द लिहिलेला, ‘फादर’. पेटीमामांनी उभ्या जन्मात जे केलं तेच केलं. हा शब्द खोडून साहेबांनी तो शब्द घातला, असं समजून त्यांनी चिठ्ठी ‘फादर’च्या पेटीत नेऊन टाकली. ती पेटी रिकामीच होती. सोप्या शब्दांची उदाहरणं लिहायला कोणाला वेळ असतो? छापखान्यातल्या खिळे जुळणाऱ्याने ‘फादर’खाली मिळालं ते वाक्य जुळवलं. ‘ते’ म्हणजे कोण, हे कळायला हवं म्हणून त्याने आपल्या अकलेने ‘ते’च्या जागी ‘वडील’ घातलं, आणि ‘सेसपूल’ कठीण वाटला म्हणून तिथे ‘खड्डा’.

छपाईआधीची शेवटची कच्ची पानं वाचायला उदाहरणबाईकडेच आली. ‘एफ’ची पानं उलटता उलटता तिची नजर थांबली.

फादर. वडील, बाप, पिता. खाली तिरप्या अक्षरात, “वडील खड्ड्यात उतरले आणि वर आलेच नाहीत.”

तिने इकडेतिकडे बघितलं. टायपिस्टबाई जांभई देत होत्या. पूर्णविराम फोनवर कोणाला तरी झापत होते. तिच्या हातात पेन होतं, आणि समासात खूण करून ती ओळ काढणं हे तिचं कामच होतं. पेन तिने टोपण लावून ठेवलं आणि पान उलटलं. घरी जाताना रस्त्यात ती एकटीच हसली. पूर्णविरामांनी जिथून बाबांना हाकललं, त्याहून चांगल्या जागी ते आपले आपण जाऊन बसले होते. पाहुणे बसलेले असताना पुढच्या फाटकातून आत गेले होते म्हणा ना!

कोश छापून आला. गठ्ठे कचेरीत रचले. शाळांना प्रती जायच्या होत्या. नमुन्याची पहिली प्रत एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिकेकडे गेली, आणि तिथून बॉम्बगोळा आला. पत्र वगैरे नाही, त्या स्वतःच आल्या, टॅक्सीतून. “मुलं कोश हातात घेतला की आधी मदर आणि फादर बघतात. आमच्या एका लहान मुलीने हे वाचलं आणि रडत बसली, माझे बाबा खड्ड्यात जाणार का म्हणून. हे काय उदाहरण आहे?” शाळा एकही प्रत घेणार नाही म्हणाल्या.

पूर्णविरामांचा चेहरा लालबुंद. सगळी कचेरी गोळा केली. चिठ्ठी शोधून काढली, ती ‘फादर’च्या पेटीत जशीच्या तशी होती. पेटीमामा पुढे आले. “साहेब, वरचा शब्द खोडलेला होता, खाली दुसरा होता, मला वाटलं…”

“तुम्हाला वाटलं! तुम्हाला वाटायला ठेवलंय का इथे? दाखला कळत नाही तुम्हाला? नाहीतरी आता तुमच्याने होत नाही. उद्यापासून येऊ नका.”

आणि मग उदाहरणबाईकडे वळून, एकदम मवाळ आवाजात, “बाई, तुम्ही एक वाक्य द्या फादरला. छान, गोड असं. छोट्या पट्ट्या छापू, प्रत्येक प्रतीत चिकटवू. आज रात्रीच्या आत ती ओळ झाकली गेली पाहिजे.”

तिने पेटीमामांकडे बघितलं. चाळिशीच्या काचांतून डोळे बारीक करून ते अजून ती चिठ्ठी वाचत होते, चूक कुठे झाली ते शोधत होते. हा माणूस आपल्यापायी जाणार. आपण तोंड मिटून बसलो की एक म्हातारा खाली जातो, आणि वर कोणी दोर धरलेला नाही.

“साहेब, मामांची चूक नाही,” ती म्हणाली. “शेवटची पानं मी वाचली. ही ओळ मी बघितली होती. मुद्दाम राहू दिली.”

“मुद्दाम?”

“दाखला बघा ना साहेब. वाक्य माझ्या वडिलांचं आहे. ते खड्डे उपसायचे. खड्ड्यात गेले.”

पूर्णविरामांनी चिठ्ठी उलटसुलट केली. “पण तुमचे वडील तर पाणीखात्यात होते ना?”

“पाणीच होतं साहेब. लोकांनी वापरून झालेलं.”

कोणी हसलं नाही. पूर्णविरामांनी चष्मा काढला, पुसला. माणूस वाईट नव्हता, तेच तर दुःख. “मला कल्पना नव्हती, बाई. वाईट वाटलं. पण कोश म्हणजे काही स्मारक नव्हे. पट्टी लावावीच लागेल.” मग थोडं थांबून, हलक्या आवाजात, “आणि खरं सांगू? तुमच्याही दृष्टीने झाकलेलं बरं. उगाच चर्चा कशाला?” पेटीमामांना मात्र त्यांनी ठेवून घेतलं. तेवढं एक झालं.

गोड वाक्य मग टायपिस्टबाईंनी दिलं. “माझे वडील दयाळू आहेत.” ज्यांच्या बापाने आईला पोराबाळांसकट घराबाहेर काढलं होतं, आणि तेही अख्ख्या कचेरीला माहीत होतं, त्यांनी! पण वाक्य पास झालं. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

पट्ट्या छापून आल्या. लांब टेबलावर खळीची भांडी मांडली, ब्रश वाटले, आणि सगळे चिकटवायला बसले. उदाहरणबाईच्या शेजारी रोज टायपिस्टबाई बसत. डबा एकत्र उघडत, चहा एका कपातून बशीत ओतून वाटून घेत. आज त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला नेली. “इथे उजेड बरा आहे,” म्हणाल्या. उजेड खिडकीशी होता, आणि खिडकी उदाहरणबाईच्या मागे होती. शाळेतली ती बाकावरची मुलगी आठवली तिला. ती निदान कारण तरी सांगत नव्हती.

तिने ब्रश हातात घेतला नाही. बिनपट्टीची एक प्रत उचलली, पिशवीत टाकली आणि सगळ्यांच्या देखत निघाली. कोणी अडवलं नाही. पेटीमामा तेवढे दारापर्यंत आले. “ताई, मी बरोबर पेटीत टाकली होती ना?” त्यांनी विचारलं. “अगदी बरोबर, मामा,” ती म्हणाली.

घरी काका खिडकीपाशी बसला होता. रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. तिने ठरवलं होतं, आज त्याला आनंदच द्यायचा. जन्मभर आपल्या खोट्यापायी गप्प बसलेल्या माणसाला सांगायचं, की मी आज सगळ्यांसमोर बोलले.

“काका, बाबांवर छापून आलंय.”

“पेपरात?” काकाचा तो घोगरा आवाज.

“कोशात. एवढ्या जाड पुस्तकात.” तिने पान उघडलं, आपल्या भाषेत करून वाचलं. “वडील खड्ड्यात उतरले आणि वर आलेच नाहीत.”

काकाचा चेहरा हलला नाही. “पुन्हा वाच.”

तिने पुन्हा वाचलं.

“वर आला नाही?”

“हो ना, काका.”

“कोणी सांगितलं तुला?” “मी उतरलो नव्हतो का? पाठीवर घेतला होता त्याला. शिडी बुळबुळीत, पाय ठरत नव्हता, श्वास घेतला की आत आग. माळी वरून ओरडत होता, सोड त्याला, तू तरी ये. सोडला नाही मी. वर आणला. तुझ्या आईच्या पुढ्यात आणून ठेवला. आणि तू लिहितेस वर आला नाही?”

“काका, म्हणजे जिवंत नाही आले, असा अर्थ…”

“मला नको सांगू अर्थ! वर आला नाही म्हणजे तो अजून तिथेच आहे. मी त्याला तिथे टाकून आलो असंच ना? मग हा माझा गळा कशाने गेला? गाणी म्हणून गेला?”

तोंडात मारल्यासारखं झालं तिला. पूर्णविराम, टायपिस्टबाई, ती मुख्याध्यापिका, सगळ्यांवर दिवसभर मनातल्या मनात दात खात होती. आणि काकाला त्या वाक्यातून कोणी काढलं होतं? पूर्णविरामांनी नव्हे. तिनेच. ज्याने बापाला पाठीवर घेऊन वर आणलं, त्याला तिने गवई केलं होतं, आणि वाक्य लिहायची वेळ आली तेव्हा तिला तो आठवलाही नव्हता.

तिने कागदाची एक पट्टी कापली. पिठाची खळ केली. पट्टीवर लिहिलं, “वडील खड्ड्यात गेले, काकाने त्यांना पाठीवर घेऊन वर आणलं.” आणि ‘फादर’खालच्या आपल्याच ओळीवर ती चिकटवली. काकाला वाचून दाखवलं. त्याने हात पुढे केला, पट्टीवर ठेवला, आणि खळ वाळेपर्यंत तसाच दाबून धरला.

ती एक प्रत तिच्या घरात आहे. बाकी सगळ्या प्रती शाळांत गेल्या, आणि त्या सगळ्यांत वडील दयाळू आहेत.